वेदनेचे संशोधन

पायात काटा रुतला की माणूस कळवळतो. जेवढी जखम तेवढी वेदना, असा सरळ हिशेब यावरून मांडला जातो. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने त्यासाठी घंटेची उपमा योजिली होती. खाली दोरी ओढली की वर घंटा वाजते, तसेच वेदनेचे!

या समजुतीला मोठा धक्का दिला तो एका विद्यार्थ्याच्या संशोधनाने. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी १९५४ साली डॉक्टरेट मिळविली. लहानपणापासून एकांतात वाढविलेली कुत्री पेटत्या काडीला नाक लावीत आणि चटका बसला तरी पुन्हा तिकडेच वळत, असे त्यांना आढळले. दोरी ओढली जात होती. परंतु घंटा मात्र नेहमीसारखी वाजत नव्हती. वेदनेच्या जाणिवेत पूर्वानुभवाचाही वाटा असला पाहिजे, हे उघड झाले.

पुढे १९६५ साली मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी 'द्वार-नियंत्रणा'चा सिद्धान्त मांडला. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी मज्जारज्जूत जणू एक दार लागते. स्पर्शाच्या संवेदना आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञा ते दार लोटून घेऊ शकतात. ठेच लागताच माणूस बोट चोळतो, त्याचे मर्म हेच. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. मूळ कल्पना मात्र टिकली.

वेदना मोजावी कशी, हा प्रश्न उरलाच. १९७५ साली मेलझॅक यांनी रुग्णांच्याच शब्दांवर आधारलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. मराठीत तर असे शब्दभांडार विपुल आहे. गळू ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, तळव्यांची आग होते. प्रत्येक शब्द वैद्याला निराळी वाट दाखवितो.

जखम भरून आल्यावरही दुखते म्हणणाऱ्या रुग्णाला पुष्कळदा ढोंगी ठरविले जाते. वास्तविक, कापून टाकलेला पायसुद्धा दुखत असल्याचा अनुभव अनेकांना येतो. रुग्णाच्या सांगण्याचा आदर राखावा, असे वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपल्या सुधारित व्याख्येसोबत नमूद केले आहे.

एकच शस्त्रक्रिया झालेल्या दोघांपैकी एकाचीच वेदना वर्षानुवर्षे का रेंगाळते? बोलता न येणाऱ्या तान्ह्या मुलाची वेदना कशी ओळखावी? वैद्यक, मानसशास्त्र, परिचर्या आणि भाषाशास्त्र या सर्व शाखांतील तरुण अभ्यासकांना येथे डॉक्टरेटसाठी विस्तीर्ण क्षेत्र खुले आहे. त्याचा आरंभ मात्र रुग्णाचे म्हणणे खरे मानून ऐकण्यापासूनच व्हावयास हवा.