वारंवार होणारा सायनसचा त्रास : लस, प्रतिकारशक्ती आणि आपला विवेक

दहावी-बारावीच्या वर्षात मुलाचे नाक सतत चोंदलेले, कपाळ जड आणि अभ्यासात लक्ष नाही, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. दर वेळी प्रतिजैविके आणली जातात, चार दिवस बरे वाटते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. लस किंवा प्रतिकारशक्तीवरील उपचार या चक्रातून सोडवू शकतात का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चेहऱ्याच्या हाडांत सायनस नावाच्या पोकळ्यांच्या ४ जोड्या असतात. सर्दीने त्यांची तोंडे सुजली की आतील स्राव साचतो. बहुतेक वेळा कारण विषाणू असतात आणि त्यांच्यावर प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात. काही वेळा मात्र साचलेल्या स्रावात न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारखे जीवाणू वाढतात.

खास सायनससाठी अशी लस नाही. न्यूमोकोकसविरोधी लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर आली. त्यामुळे आजच्या अनेक किशोरांना ती बालपणी मिळालेली नसेल. लसीकरणाचे कार्ड काढून पाहावे. ‘हिब’ लस हिमोफिलसच्या ‘बी’ प्रकारापुरतीच आहे, सायनसमधील हिमोफिलस बहुधा त्या प्रकारचा नसतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ती फक्त फ्लूपासून रक्षण करते.

येथे आपल्या समाजापुढे एक प्रश्न उभा राहतो. फ्लूच्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार होतात. अंड्याविना बनणाऱ्या लसीही आहेत. त्या आपल्या गावी मिळतील का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. मुलाला दमा असेल, तर फ्लूचा धोकाही तराजूत घालावा. निर्णय कुटुंबाचा आहे. तो ऐकीव गोष्टींवर नव्हे, माहितीवर व्हावा.

ज्यांच्या त्रासामागे ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी इम्युनोथेरपी आहे. लंडनचे लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक वा परागकण यांचा अंश इंजेक्शनाने किंवा जिभेखाली, साधारण ३ ते ५ वर्षे दिला जातो. ॲलर्जीच्या सर्दीवर याचा गुण सिद्ध आहे. सायनसचा संसर्ग थांबतोच, असे मात्र म्हणता येत नाही. क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून इंजेक्शन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

वर्षात २ किंवा अधिक वेळा गंभीर संसर्ग झाला, सोबत न्यूमोनियाही झाला, तर रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी करावी का, हे विचारावे. ही प्रथिने जन्मजात कमी असलेल्या मोजक्या मुलांना ती बाहेरून देतात. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन यांनी असाच एक ८ वर्षांचा मुलगा वैद्यकविश्वापुढे आणला. सरसकट सर्वांसाठी हा उपचार नव्हे.

घरीही बरेच करता येते. मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून थंड केलेलेच असावे. नुसते गाळलेले पुरत नाही. उकळलेले पाणी आपल्या घरांना नवे नाही. धान्य, मसाले वा कापडाच्या गोदामात मुलाने तोंड-नाक झाकावे, चातुर्मासात ओल व बुरशी साचू देऊ नये. दुखणे कधी आले, किती दिवस टिकले, कोणते औषध घेतले, याची रोजमेळासारखी नोंद ठेवावी. तज्ज्ञाला खरे निदान त्यातूनच सापडते.

डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, असह्य डोकेदुखी किंवा मान ताठणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र नोंदी बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.