अंगणातला अनुशेष

आपण राहतो ते गाव चांगले की वाईट, हा प्रश्न सहसा गाव सोडण्याची वेळ आली म्हणजेच पडतो. एरवी नित्याच्या धबडग्यात तो कोणाच्या मनात येत नाही. यंदा माझी मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन पुढील शिक्षणासाठी पुण्यास गेली. आदल्या रात्री सामानाची बांधाबांध चालू असता तिने विचारले, “बाबा, शिक्षण झाल्यावर मी परत लातूरला यावं असं तुम्हांला वाटतं का?” मी अर्थशास्त्राचा अध्यापक. लाभहानीचा ताळेबंद मांडणे हा माझा व्यवसाय. असे असूनही त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. ते शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा जन्म आणि शिक्षण नांदेडचे, तर नोकरी आणि संसार लातूरचा. दोन्ही शहरांत दीडशे किलोमीटरांचेही अंतर नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी एस.टी.ने वाट काढली की सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो. रेल्वेने जायचे तर मात्र परभणी-परळीचा वळसा घ्यावा लागतो. दोन्ही गावांचे मीठ खाल्लेले असल्याने एकाची बाजू घेऊन दुसऱ्यास उणे लेखण्याचा मोह मला नाही.

जमेची बाजू

प्रथम जमेची बाजू पाहू. नांदेडची गोदावरी हे नांदेडकराचे पहिले सुख. दुसरे सुख येथील भाषांचे. मराठी, दख्खनी उर्दू, तेलुगू आणि पंजाबी या चारही भाषा नांदेडच्या बाजारात एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे देह ठेवला. आजची सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारविली. तेव्हापासून दूरदूरचा यात्रेकरू या गावाला परका राहिलेला नाही. विचारांच्या क्षेत्रातही हे गाव दरिद्री नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली येथे पीपल्स कॉलेज निघाले आणि पुढे नरहर कुरुंदकर त्याचे प्राचार्य झाले. कुरुंदकर १९८२ साली गेले. माझ्या पिढीस ते ऐकावयास मिळाले नाहीत. परंतु कापडाच्या दुकानात मुनिमी करणारे माझे वडील त्यांच्या व्याख्यानांतील मुद्दे रात्री जेवताना आम्हांला समजावून सांगत, हे मला आठवते. मुनीम व्याख्यानाला जातो, ही त्या गावाची श्रीमंती होय.

लातूरची तऱ्हा निराळी. १९८२ साली उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. पण बाजारपेठ म्हणून गाव त्याआधीच नावारूपास आले होते. १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी गंजगोलाईचा आराखडा केला. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती दुमजली वर्तुळाकार इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते! गावाच्या मध्यभागी व्यापाराला असे मानाचे स्थान देणारी रचना मराठवाड्यात विरळा. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या उलाढालीवर हे शहर वाढले.

त्यात पुढे विद्येची भर पडली. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने जे महाराष्ट्रभर गाजले त्याच्या मुळाशी राजर्षी शाहू महाविद्यालयातील अध्यापकांनी घेतलेले जादा तास आणि पुनःपुन्हा घेतलेल्या सराव परीक्षा होत्या. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. दोन्ही शहरांना जोडणारा हा एक चांगला दुवा. आज ‘ट्यूशन एरिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात सकाळी सहा वाजता गेले तर पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलामुलींची रीघ दिसते. त्यांच्या खोल्या, खानावळी, डबे आणि अभ्यासिका यांवर हजारो घरे चालतात. आमच्या गल्लीतील एक विधवा बाई तीस मुलांचे डबे करतात. त्याच मिळकतीवर त्यांनी आपल्या मुलाला अभियंता केले.

आणि येळवस! मार्गशीर्ष अमावास्येचा हा सण, वेळ अमावास्या, लातूर-धाराशिवच्या बाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. कानडी मुलुखाशी असलेल्या जुन्या सख्याची ती खूण आहे. त्या दिवशी शहर ओस पडते, दुकाने बंद होतात आणि सारा गाव शेतावर जातो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. मग अनेक भाज्या आणि ओली कडधान्ये घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातील आंबील यांचे जेवण. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची निमंत्रणे असतात. माझ्या मालकीची वीतभरही जमीन नाही. तरी इतक्या वर्षांत एकही येळवस मी घरी काढलेली नाही.

खर्चाची बाजू

आता खर्चाची बाजू. २००९ साली मी लातुरात घर बांधले तेव्हा तीनशे फुटांवर बोअरला पाणी लागले. चार वर्षांनी शेजाऱ्याने साडेचारशे फुटांचा बोअर घेतला आणि माझा आटला. २०१५ साली मी कर्ज काढून सातशे फूट खाली गेलो. मला पाणी लागले, त्याचे गेले. तो मला एका शब्दानेही काही बोलला नाही. पण त्या उन्हाळ्यात त्याची पत्नी आमच्या दारात कळशी घेऊन उभी राहिली, तेव्हा मला वर मान करून पाहवेना. सामायिक साधनसंपत्तीचा प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाने उपयोग केला म्हणजे सर्वांचा मिळून नाश कसा होतो, हा धडा मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत होतो. तो मला समजला मात्र त्या कळशीपाशी.

पुढचे वर्ष तर सर्वांनाच माहीत आहे. मांजरेवरील धनेगावचे धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेस पंचवीस लाख लिटर येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३,८२,९४० होती. भागाकार केला तर एका खेपेचे पाणी माणशी साडेसहा लिटर भरते. ज्या वाटेने ते आले तिचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. बार्शी लाईट रेल्वे १९११ साली लातूरला पोहोचली आणि १९२७ साली तिचा अरुंद मार्ग मिरजेस भिडला. ज्या मार्गाने लातूरच्या बाजारातील माल पिढ्यान् पिढ्या बाहेर गेला, बव्हंशी त्याच मार्गाने पिण्याचे पाणी आत आणण्याची पाळी या शहरावर आली.

याचा दोष केवळ आभाळाला देता येणार नाही. २०१६ च्या पावसाळ्यात धरण भरले. तरी नळाची पाळी पुढेही दिवसांतच मोजली जात राहिली. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते खरवडून नेली. नदीखोऱ्यात ऊस वाढतो, कारण उसाला कायद्याने ठरवून दिलेला भाव मिळतो आणि सोयाबीन विकताना शेतकऱ्याला बाजाराच्या दयेवर राहावे लागते. ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नाही, सातशे फूट खाली जाणारा अध्यापकही मूर्ख नाही. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. चूक आहे ती बेरजेत.

निमित्ताची नागरिकता

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅलब्रेथ यांनी १९५८ साली आपल्या समाजाचे वर्णन करताना खासगी समृद्धी आणि सार्वजनिक दैन्य यांचे सान्निध्य दाखवून दिले होते. समृद्धीचे प्रमाण सोडले तर ते निदान आम्हांलाही लागू पडते. वर सांगितलेली सुखे पुन्हा पाहा. शिकवणी, बाजार, डबा, येळवसीचे जेवण यांपैकी प्रत्येक गोष्ट माणसांनी स्वतःच्या उद्यमाने अथवा स्वतःच्या औदार्याने मिळविलेली आहे. उणिवा मात्र सर्वांनी मिळून रोज राखावयाच्या गोष्टींच्या आहेत. पाणी, गटार, पायवाट, सार्वजनिक वाचनालय यांत आम्ही हरतो.

मग आम्हांला एकत्र येताच येत नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. मी तेव्हा नांदेडला शाळेत होतो. दुपारपर्यंत आम्ही मुलांनी घरोघर फिरून भाकऱ्या आणि कपडे गोळा केले होते. २०१६ च्या त्या भीषण उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडात केंद्राचा निधी आला आणि रस्ते, पूल, घाट, विमानतळ उभे राहिले. आम्ही एकत्र येतो ते निमित्ताने. उत्सव असावा लागतो किंवा आपत्ती यावी लागते. निमित्त सरले की जो तो आपापल्या घरी परततो. मग घाटाच्या पायऱ्यांवर कचरा साचतो, नदीत सांडपाणी मिसळते आणि विमाने येतात, बंद होतात, पुन्हा येतात.

दोन्ही शहरे २००९ साली एका गोष्टीवरून मात्र इरेला पेटली होती. महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावे की लातूरला, हा तो वाद. आयुक्तालयाचे महत्त्व मी नाकारत नाही. तथापि, एका कार्यालयासाठी जेवढा क्षोभ उसळला, त्याच्या दशांशाने तरी तो आठ-आठ दिवस न येणाऱ्या नळासाठी उसळला होता काय?

मराठवाड्याच्या अनुशेषाविषयी आपण गेली चाळीस वर्षे बोलत आहोत. १९८४ साली दांडेकर समितीने तो मोजून दाखविला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ही मागणी न्याय्य आहे आणि ती सोडता कामा नये. परंतु मुंबईकडे बोट दाखविताना एक अनुशेष आपल्या अंगणातही साचलेला आहे, याचा विसर पडू नये. मी माझेच उदाहरण देतो. २०१५ च्या उन्हाळ्यात टँकरवाल्याला मी जे पैसे मोजले ते माझ्या वर्षाच्या घरपट्टी-पाणीपट्टीहून अधिक होते. टँकरवाल्याशी मी घासाघीसही केली नाही; घरपट्टी मात्र शास्तीमाफीची घोषणा होईल या आशेने दोन वर्षे थकविली. तिजोरीत पैसा नसलेल्या पालिकेला मी जाब कोणत्या तोंडाने विचारणार? पैसे भरणाऱ्यालाच हिशेब मागता येतो, आणि हिशेब मागणारा नसेल तर पालिका जशी चालावयाची तशीच चालते.

उपाय फार दूर नाही, असे मला वाटते. लहानपणी वडिलांबरोबर मी गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये जेवलो आहे. तेथील चूल एखाद्या सणापुरती पेटत नाही, दुष्काळाचीही वाट पाहत नाही. कोणी पीठ मळतो, कोणी भांडी घासतो, आणि हे कालही चालले, आज चालले, उद्याही चालणार. सेवाभाव तेथे आहेच. पण तो रोजच्या शिस्तीत बांधलेला आहे. ज्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तरी दुसरे काय दाखविले? आपले नियम आपणच ठरविणारे आणि ते रोज पाळणारे समाज पाण्यासारखी सामायिक संपत्ती टिकवू शकतात. येळवसीचे औदार्य आमच्यापाशी आहे. त्याला लंगरचे सातत्य जोडता आले, तर या दोन्ही शहरांत राहणे हे केवळ सोशिकपणाचे काम राहणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या शेजाऱ्याने दोघांच्या गच्चीवरील पाणी नळीने एकत्र आणून त्याच्या आटलेल्या बोअरमध्ये सोडण्याची व्यवस्था केली. खर्च निम्मा-निम्मा. गल्लीत चौदा घरे आहेत. त्यांपैकी पाच घरांनी आतापर्यंत असे पुनर्भरण केले आहे. नऊ घरे अजून व्हावयाची आहेत आणि प्रत्येक रविवारी आम्ही दोघे एकेकाच्या दारी जातो. कोणी चहा पाजतो, कोणी पुढच्या वर्षी बघू म्हणतो. माझी थकलेली घरपट्टी मी शास्तीसह भरली आहे.

मुलीला मी आता कळविणार आहे, “ये.” मात्र त्याबरोबर हेही कळवीन की नऊ घरे बाकी आहेत, तू येईपर्यंत त्यांतली किती उरतात, ते पाहून मग तुझे तूच ठरव.