उपाशी प्रवाळांचे दशक

घरगुती प्रवाळ-जलालयात नायट्रेट आणि फॉस्फेट यांची द्रावणे बाटलीतून मोजून घालण्याची रीत आज इतकी रुळली आहे की, हीच दोन पोषकद्रव्ये पाण्यातून समूळ काढण्यासाठी याच छंदाने वर्षानुवर्षे शर्थ केली होती, हे नव्या पाळकांना सांगूनही पटत नाही. त्या आग्रहाची किंमत प्रवाळांनी मोजली असल्यामुळे त्याचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते.

प्रवाळ हा मांसभक्षक प्राणी आहे, असे ग्रेट बॅरियर रीफवरील 1928-29 च्या मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग यांनी ठामपणे मांडले होते. मात्र प्रवाळाच्या ऊतींत राहणारी झूझॅन्थेली ही एकपेशीय शैवाले अनुकूल प्रकाशात त्याच्या गरजेच्या कार्बनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा पुरवू शकतात, हे पुढे दिसून आल्यावर, प्रवाळाला प्रकाश आणि निर्मळ पाणी पुरते, अशा दुसऱ्या टोकाला मत गेले. जिवंत खडक, फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर आणि चुन्याची निवळी यांवर उभ्या असलेल्या बर्लिन पद्धतीने पाणी निर्मळ ठेवण्याची शिस्त घालून दिली.

त्या शिस्तीचा अतिरेक झाला तो साधारण 2003 ते 2013 या दशकात. जर्मनीतून पसरलेल्या झिओलाइट पद्धतीत, तसेच व्होडकासारखा कार्बनस्रोत देऊन जिवाणू वाढवण्याच्या पद्धतीत, पोषकद्रव्ये जिवाणूंच्या शरीरात बांधली जाऊन स्किमरवाटे बाहेर पडत, आणि उरलेले फॉस्फेट लोहयुक्त शोषक कण ओढून घेत. पोषण घटले की झूझॅन्थेलींची दाटी कमी होते, त्यांचा तपकिरी रंग ओसरतो आणि प्रवाळाची स्वतःची रंगीत प्रथिने निळ्या, गुलाबी, जांभळ्या छटांत उठून दिसतात. या छटांची त्या काळात वाहवा झाली, परंतु त्यांतील कित्येक फिकट छटा उपासमारीच्या होत्या. ऊती पातळ पडत आणि पाण्याची अल्कता चढी ठेवली की अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्यांची टोके जळत, तरीही दोष पोषणाच्या अभावाला न देता पाण्यात उरलेल्या तथाकथित अशुद्धीला दिला जाई.

खाऊ घालणाऱ्यांना त्या दशकात पाणी नासवणारे म्हणून हिणवले गेले, हा अन्याय नोंदवलाच पाहिजे. एरिक बोर्नमन यांनी 2001 च्या आपल्या ग्रंथात आहाराचे महत्त्व सांगितले होते आणि प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, मिळाल्यास स्टायलोफोरा या प्रवाळाच्या ऊती व सांगाडा अधिक वाढतात, असे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले होते. निसर्गातील प्रवाळभित्तीवर विरघळलेली पोषकद्रव्ये अल्प असली, तरी प्रवाहाबरोबर अन्न अखंड येत असते. पाळकांनी त्या पाण्याची निर्मळता उचलली आणि त्यातला आहार मात्र वगळला. नायट्रोजन मुबलक असताना फॉस्फेटची टंचाई पडली, तर प्रवाळ विरंजनाला, म्हणजे शैवाले गमावून पांढरे पडण्याला, लवकर बळी पडतात, हे यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवले, तेव्हा त्या आग्रहाचा आधारच खचला.

खंत वाटते ती त्या उलथापालथीत मागे पडलेल्या कौशल्याची. दिवे मालवल्यानंतर स्पर्शक पसरले की पंप थांबवावा, मिठाच्या पाण्यात सुमारे चोवीस तासांत उबवलेले आर्टेमिया या सूक्ष्म कवचधारी प्राण्याचे डिंभ नळीने अलगद सोडावेत, आणि शैवालांचा आधार नसलेल्या ट्युबॅस्ट्रिया या प्रवाळाच्या तोंडातोंडाशी घास पोचवावा, ही मेहनत पाळकाला प्रवाळाची भूक ओळखायला शिकवत असे. आज तिची जागा डबाबंद भुकटीच्या चिमटीने घेतली आहे, आणि गडद निळ्या एलईडी प्रकाशात अशक्त प्रवाळही झळाळत असल्यामुळे रंगावरून प्रकृती पारखणे दुरापास्त झाले आहे. पूर्वी शून्य आकड्याचा हट्ट होता, आता ठरावीक आकडा गाठण्याचा आहे, आणि दोन्हींत प्राण्याकडे पाहणे राहून जाते. नियमित सकस आहार, त्यातून उरलेल्या द्रव्याचा तितकाच नियमित निचरा आणि पांढऱ्या प्रकाशात केलेले निरीक्षण यांवरच पालन उभे राहिले पाहिजे. रंग आणि वाढ ही त्या पालनाची फळे आहेत, आणि ती बाटलीतून विकत मिळत नाहीत.