हॉवर्थच्या पाद्री-कुटुंबाची कागदपत्रे

एखाद्या कुटुंबाचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या कुटुंबाने लिहिलेली पत्रे बहुधा दुसऱ्यांच्या घरी राहिलेली असतात, ही साधी गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. मराठी दप्तरांवर काम केलेल्या अभ्यासकास हे नवे नाही. तथापि कागद जपले कोणी आणि फाडले कोणी, याचा त्या कागदांतून दिसणाऱ्या भाषेवर केवढा परिणाम होतो, हे इंग्लंडमधील ब्राँटी कुटुंबाच्या कागदपत्रांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

या कुटुंबाचा प्रमुख पॅट्रिक ब्राँटी हा मूळचा आयर्लंडमधील डाउन परगण्याचा. १८०२ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्याचे नाव नोंदताना कारकुनाने ते कानावर पडले तसे ‘ब्रँटी’ असे लिहिले. पुढे लगेच ते दुरुस्त झाले. त्याच्या आयरिश उच्चाराचा हा एक पुसट ठसाच म्हणावयाचा. १८२० मध्ये तो यॉर्कशरमधील हॉवर्थ या डोंगराळ गावी धर्मोपदेशक म्हणून आला आणि १८६१ मध्ये तेथेच वारला. त्याच्या सहा अपत्यांपैकी दोन मुली १८२५ मध्येच गेल्या. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन ही उरलेली चारही भावंडे त्याच्या डोळ्यांदेखत निवर्तली.

पॅट्रिकची पत्नी मराया हिने विवाहापूर्वी, १८१२ साली, त्याला लिहिलेली नऊ पत्रे ज्ञात आहेत. त्यांना दिलेली उत्तरे मात्र राहिली नाहीत. ही पत्रे त्याने जवळजवळ अडतीस वर्षे जवळ ठेवली आणि १८५० मध्ये शार्लटच्या हाती दिली. आई गेली तेव्हा शार्लट अवघी पाच वर्षांची होती. आईच्या मनाची ओळख तिला या पिवळ्या पडलेल्या कागदांतूनच झाली. हाच जपणारा पिता शार्लटच्या मृत्यूनंतर तिच्या पत्रांचे तुकडे कापून, हस्ताक्षराचा नमुना मागणाऱ्या चाहत्यांना वाटीत होता. कीर्तीमुळे कागद टिकतात तसे ते कातरलेही जातात.

शार्लटच्या पत्रांचा सर्वांत मोठा साठा तिची शाळासोबतीण एलन नसी हिच्यामुळे वाचला. दोघींची ओळख १८३१ सालची. १८५४ च्या जूनमध्ये शार्लटचा विवाह आर्थर बेल निकल्स याच्याशी झाला. पत्नी मैत्रिणीला किती मोकळेपणाने लिहिते हे पाहून तो धास्तावला आणि ही पत्रे जाळली पाहिजेत असा आग्रह त्याने धरला. एलनने तसे लेखी वचन दिले, पण पत्नीच्या लेखनावर त्याने देखरेख करू नये अशी अट घालून. वचन पाळले गेले नाही. १८५५ च्या मार्चमध्ये शार्लट वारली. पुढे श्रीमती गॅस्केल यांनी तिचे चरित्र लिहावयास घेतले तेव्हा एलनने सुमारे साडेतीनशे पत्रे त्यांच्यापुढे ठेवली, आणि १८५७ चे ते चरित्र मुख्यतः त्यांवरच उभे राहिले. दुसरी मैत्रीण मेरी टेलर हिने मात्र एक पत्र वगळता सारी पत्रे नष्ट केली. मेरी स्वतंत्र वृत्तीची, वादप्रिय. तिच्याशी बोलताना शार्लटची लेखणी कोणते वळण घेत असे, हे सांगावयास आज ते एकच पत्र आहे. एलनशी बोलणारी शार्लट हीच संपूर्ण शार्लट असे मानण्याची चूक चरित्रकारांकडून झाली, तिचे मूळ येथे आहे.

ब्रुसेल्समधील शिक्षक कॉन्स्टन्टिन एजे यांस शार्लटने लिहिलेल्या पत्रांपैकी चार राहिली. ती १८४४-४५ मधील असून फ्रेंच भाषेत आहेत. त्यांपैकी तीन फाडून पुन्हा जोडलेली. एजे यांच्या पत्नीने ते तुकडे उचलून सांधले असे त्या कुटुंबात सांगत. एका पत्राच्या कडेस एजे यांनी एका चांभाराचा पत्ता टिपून ठेवला आहे! एजे यांच्या मुलांनी १९१३ मध्ये ही पत्रे ब्रिटिश म्युझियमला दिली. शेवटच्या पत्राच्या अखेरीस शार्लट फ्रेंच सोडून इंग्रजीत उतरते. परभाषेने दिलेला संयम आणि मुभा ही दोन्ही जेथे पुरेनाशी होतात तेथे हा बदल घडला आहे, असे वाटते.

आणि एमिली? तिची अवघी तीन त्रोटक पत्रे शिल्लक आहेत. ‘वुदरिंग हाइट्स’चे हस्तलिखितही नाही. तिची घरगुती भाषा कळते ती तिने आणि अ‍ॅनने १८३४ ते १८४५ या काळात अधूनमधून लिहिलेल्या दैनंदिन टिपणांवरून. घड्या घालून इवल्याशा पत्र्याच्या डबीत ठेवलेले हे कागद निकल्सला आयर्लंडमध्ये सापडले आणि १८९५ मध्ये संग्राहक क्लेमंट शॉर्टर याच्या हाती गेले. पत्रे जाळा म्हणणाऱ्याच्याच घरी ते सुखरूप राहावेत, हाही एक योगच.

पहिले टिपण २४ नोव्हेंबर १८३४ चे. एमिली सोळा वर्षांची, अ‍ॅन चौदांची. विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, शुद्धलेखन मनाचे. स्वयंपाकघरातील कामे आणि मुलींनी कल्पिलेल्या गोंडल राज्यातील घडामोडी एका दमात सांगितल्या आहेत. वृद्ध दासी टॅबी अ‍ॅनला बटाटा सोलावयास बोलावते, तेव्हा एमिली तिचे शब्द ‘पिलोपुटेट’ असे एकसंध लिहिते आणि लगेच त्यांची फोडही करून दाखविते. येथे सोलणे या अर्थाचे ‘पील’ हे क्रियापद यॉर्कशरच्या बोलीत ‘पिल’ होते, आणि पुढचे ‘अ’ हे उपपद त्याला चिकटून जाते. बोलीतील शब्दसीमा लोपल्याची ही नोंद एका मुलीने गमतीने केली आहे. पण जिने पुढे जोसेफ या गड्याच्या तोंडी तीच बोली घातली, तिचा कान केव्हापासून तयार होत होता, हे तीतून कळते.

या जोसेफच्या बोलीचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १८४७ ची मूळ आवृत्ती मुद्रणदोषांनी भरलेली होती. एमिलीच्या मृत्यूनंतर, १८५० च्या आवृत्तीत, दक्षिणेकडील वाचकांना समजावी म्हणून शार्लटने ती बोली सौम्य केली. हेतू प्रेमाचा होता. परंतु बोलीच्या अभ्यासकाने १८५० चा पाठ प्रमाण धरला तर तो एका बहिणीची भाषा दुसरीच्या नावावर वाचील. कवितांबाबत हा धोका आता कमी झाला आहे. एमिलीच्या ३१ कवितांची वही दीर्घकाळ खाजगी संग्रहात होती. २०२१ मध्ये तो संपूर्ण ग्रंथसंग्रह लिलावात विखुरण्याच्या बेतात असताना दीड कोटी पौंडांहून अधिक निधी जमवून तो सार्वजनिक ग्रंथालये व संग्रहालये यांच्यासाठी विकत घेण्यात आला. त्या वहीत एमिलीची शाई आणि शार्लटची पेन्सिल वेगवेगळ्या ओळखता येतात.