इंद्रधनुष्यापाशी अडलेला पाय

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची उठण्याची तऱ्हा इतरांपेक्षा उलटी आहे. घरच्या पीसीत मुख्य प्रोसेसर आधी जागा होतो. पायमध्ये मात्र पहिला मान व्हिडिओकोअरचा, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाचा. एआरएम प्रोसेसर तोवर झोपलेला असतो. चिपमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली एसडी कार्डाचे फॅट पार्टिशन उघडते आणि बूटकोड.बिन ही फाइल उचलते. ही फाइल मेमरी चालू करून स्टार्ट.ईएलएफला बोलावते. स्टार्ट.ईएलएफ मग कॉन्फिग.टीएक्सटी वाचते, कर्नेल मेमरीत आणून ठेवते आणि शेवटी एआरएमला उठवते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पाय विक्रीला आला तेव्हा साखळी साधारण अशीच होती. अपडेटनंतर बोर्ड उठले नाही तर यातली कुठली कडी तुटली ते शोधायचे, एवढेच दुरुस्तीचे काम. ते आजही तेवढेच आहे. कड्यांच्या जागा मात्र बदलल्या.

पायच्या आधीच्या बोर्डांचा इतिहास इथे थोडक्यात उरकता येतो. ती बोर्डे सिरियल केबल जवळ बाळगणाऱ्या इंजिनिअरांची होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर यू-बूट हा बूटलोडर चाले. त्या परंपरेतल्या २०१३च्या बीगलबोन ब्लॅकने एक डोकेदुखी सर्वांना ओळखीची करून दिली: बोर्डावरच्या ईएमएमसी मेमरीत जुना यू-बूट, कार्डावर नवी सिस्टिम, आणि दोघांचे जमत नाही. कार्डाजवळचे बटण दाबून धरत वीज दिली की ईएमएमसीला बगल मिळे. त्याच परंपरेतल्या ऑलविनर आणि रॉकचिप चिपांच्या बोर्डांवर बूटलोडर फाइल म्हणून दिसतच नाही. कार्डाच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, ऑलविनरचा ८ केबीवर आणि रॉकचिपचा ३२ केबीवर, तो थेट लिहिलेला असतो. फायली कितीही नीट कॉपी केल्या तरी असे कार्ड बूट होत नाही.

पायचे सुख नेमके याच्या उलट होते, आणि २०१२ ते २०१९ हा काळ त्यामुळेच सोन्याचा. सारी साखळी कार्डावर, तीही फॅटमध्ये. बोर्ड अडले की कार्ड काढायचे, कुठल्याही लॅपटॉपात घालायचे, फायली डोळ्यांनी पाहायच्या. धोका एकच होता: लिनक्सचे पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे विंडोज १० पुढे पुढे ‘हे फॉरमॅट करू का?’ असे विचारू लागले. घाईत ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नसावी.

बोर्ड कुठे थांबले यावरूनच निदान होई. लाल दिवा लागला आणि हिरवा हललाही नाही, तर बूटकोड.बिनपर्यंतच पोच नाही; संशय कार्डावर, फॅटच्या बिघाडावर किंवा मोबाइलच्या चार्जरवर. हिरवा दिवा चार-चार वेळा लुकलुकला तर गोची स्टार्ट.ईएलएफमध्ये, सात वेळा तर कर्नेल सापडत नाही. पडद्यावर सप्तरंगी चौकोन येऊन तसाच राहिला, तर स्टार्ट.ईएलएफ चालली पण कर्नेल उभे राहिले नाही. अक्षरे धावून ‘कर्नेल पॅनिक’वर थांबली, तर बहुधा सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये रूट पार्टिशनचा पत्ता चुकलेला. सप्तरंगी चौकोनाकडे पाहत बसण्यात अनेकांच्या रविवारच्या दुपारी गेल्या आहेत.

अपडेटने होणारे बिघाडही ठरलेले होते. स्टार्ट.ईएलएफ आणि फिक्सअप.डॅट ही जोडी एकाच आवृत्तीची लागते. लिहिणे चालू असताना वीज गेली की जोडी फुटे. दुरुस्ती सोपी: त्याच आवृत्तीच्या फायली दुसरीकडून आणून कार्डावर टाकायच्या. त्याहून लबाड बिघाड म्हणजे अपडेटच्या वेळी फॅट पार्टिशन जोडलेलेच नसणे. नवे कर्नेल मग लिनक्सच्या रिकाम्या /बूट फोल्डरात जाऊन बसते, बोर्ड जुन्याच कर्नेलवर उठते, मॉड्यूल मात्र नवी. बोर्ड चालू असते, पण वायफाय नाही. चालू कर्नेलची आवृत्ती आणि मॉड्यूलच्या फोल्डरचे नाव शेजारी ठेवून पाहिले की उलगडा होतो.

या काळाचे काही हिशेब मात्र चुकते करायला हवेत. पहिला जानेवारी २०१५चा. ३.१८ कर्नेलबरोबर डिव्हाइस ट्री, म्हणजे कर्नेलला हार्डवेअरचे वर्णन पुरवणारी फाइल, आपोआप चालू झाली. बोर्डे उठली, पण त्यांवरची साउंड कार्डे, घड्याळाच्या चिपा आणि सेन्सर मुके झाले, कारण आयटूसी आणि एसपीआय आता कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये वेगळे मागावे लागत. बदल योग्यच होता. तो नेहमीच्या अपडेटच्या पोटातून यायला नको होता. दुसरा हिशेब आरपीआय-अपडेट या आज्ञेचा. ती चाचणीतले कर्नेल आणि फर्मवेअर आणते, तरीही वर्षानुवर्षे कुठल्याही तक्रारीवर ‘आधी ती चालवा’ हाच उपाय सांगितला गेला. चांगली बोर्डे तिने अडवली; परत यायला कर्नेल आणि बूटलोडरची नेहमीची पॅकेजे पुन्हा बसवावी लागत. तिसरा २०१६च्या पाय ३चा. यूएसबीवरून बूट करण्याची सोय चिपमधला एक बिट कायमचा जाळून मिळे. त्यासाठी कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये घातलेली ओळ काढायला विसरून कार्ड दुसऱ्या पाय ३मध्ये घातले, की त्याचाही बिट न विचारता जळे.

जून २०१९मध्ये पाय ४ आला आणि बूटकोड.बिन कार्डावरून उठून बोर्डावरच्या ५१२ केबीच्या ईईप्रॉममध्ये गेली. पाय ३ला जमणारे यूएसबी बूट नव्या बोर्डाला विक्रीच्या दिवशी जमत नव्हते. ते २०२०मध्ये आले. तेव्हापासून सिस्टिमचे अपडेट बूटलोडरही बदलू लागले: नवी प्रत बूट पार्टिशनवर ठेवली जाते आणि पुढच्या रीबूटला ईईप्रॉममध्ये लिहिली जाते. हे फसले तर इमेजर वापरून वेगळ्या कार्डावर रिकव्हरी इमेज लिहावी लागते. ते कार्ड घालून वीज दिल्यावर हिरवा दिवा एका लयीत भराभर लुकलुकला आणि पडदा हिरवा झाला की ईईप्रॉम नव्याने लिहिले गेले. कुठून बूट करायचे तो क्रमही आता तिथेच असतो आणि उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो: ०एक्सएफ४१ म्हणजे आधी कार्ड, मग यूएसबी, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच एसएसडीवर सिस्टिम हलवून जुने कार्ड खाचेत विसरले, तर बोर्ड कार्डावरूनच उठते. एसएसडी त्या कार्डाची हुबेहूब नक्कल असेल तर दोघांचा पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, हाही एकच, आणि कुठले रूट चालू आहे ते कळणे आणखी अवघड.

त्यानंतरचा घाव ऑक्टोबर २०२३मधल्या बुकवर्मचा, म्हणजे रास्पबेरी पाय ओएसच्या नव्या आवृत्तीचा. फॅट पार्टिशन /बूटवरून /बूट/फर्मवेअरवर गेले. जुन्या जागी उरलेली कॉन्फिग.टीएक्सटी ‘इथे काही बदलू नका’ असे सांगते, पण ते वाचतो कोण? दशकभर लिहिली गेलेली मार्गदर्शने एका रात्रीत चुकीची झाली. लोक फाइल बदलतात, रीबूट करतात, काहीच घडत नाही. आधीच्या बुलसाय आवृत्तीवरून थेट बुकवर्मवर चढण्याला अधिकृत पाठिंबा नाही, नवी इमेज लिहा असा सल्ला आहे. तरीही चढणाऱ्यांना २५६ एमबीचे जुने बूट पार्टिशन अपुरे पडू शकते, कारण दोन-तीन कर्नेल आणि त्यांचे इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइल-सिस्टिम) त्यात मावावे लागतात. नव्या इमेजमध्ये ते ५१२ एमबी आहे. ‘जागा उरली नाही’ हा संदेश अपडेटच्या शंभर ओळींत हरवला, तर तो रीबूट करण्यापूर्वी शोधलेला बरा. अर्धवट लिहिलेले इनिटरॅमएफएस नंतर कुरकुरत नाही, सरळ अडते.

पाय ५मध्ये स्टार्ट.ईएलएफही ईईप्रॉमात गेली. कार्डावर उरले कॉन्फिग, डिव्हाइस ट्री, कर्नेल आणि इनिटरॅमएफएस. न्यायाने एक सांगायला हवे: पाय ४ आणि ५चा बूटलोडर कुठे शोधले आणि काय सापडले नाही ते पडद्यावर शब्दांत लिहितो, लुकलुक मोजावी लागत नाही. पडदा नसेल तर ईईप्रॉमच्या सेटिंगमध्ये बूट_यूएआरटी=१ करून तोच मजकूर सिरियल केबलवर घेता येतो. अपडेट फसले तर आपोआप माघार घेण्याची सोयही आहे: ट्रायबूटमध्ये नवी मांडणी एकदाच वापरून पाहिली जाते आणि ती अडली तर वीज पुन्हा दिल्यावर जुनीच चालते. रास्पबेरी पाय ओएसचे रोजचे अपडेट ती सोय वापरत नाही.