परक्या पागेत आपली घोडी

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. दरवर्षी काही हौशी माणसं तिथून मनासारखं जनावर घेऊन निघतात. घोडं ट्रकात चढतं आणि प्रश्न उभा राहतो, बांधायचं कुठे? ज्याच्या घरी परडं आहे, वैरणीची गंजी आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं मात्र घोडा बघायच्या आधी पागा बघावी. मी उलट केलं. काठेवाडी घोडीचे ते आत वळून टोकाला टोक भिडवणारे कान पाहिले आणि भाळलो. तिच्यासाठी चांगलं ठाण सापडेपर्यंत पुढची दोन वर्षं गेली.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचं घोडं सरकारी, शिलेदाराचं स्वतःचं. 25 बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि खूर या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणसं! घोडं पाळलेल्या माणसाला या नेमणुकीचं मोल लगेच कळतं. आजही कुठल्याही पागेत गेलो की मी पहिल्यांदा हेच विचारतो, घोडी किती आणि माणसं किती? तीन-चार घोड्यांमागे एक मोतद्दार असेल तर पुढचं बोलायचं. दहा घोड्यांना एकच पोरगा असेल तर तो बिचारा कितीही जिवाचा असला तरी खरारा उरकता होतो, खूर साफ करायचे राहतात आणि पाण्याची बादली दुपारपर्यंत कोरडी पडते. मध्यम अंगाचं घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितं, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेलं पत्र आपण रयतेची काळजी म्हणून वाचतो, आणि ते खरंच आहे. पण त्या पत्राचा मोठा भाग पागेच्या व्यवस्थेबद्दल आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळला तर पावसात घोडी उपाशी मरतील, रात्री दिवे जळते ठेवले तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवतासकट पागा जळेल, इतक्या बारकाईनं ते लिहिलं आहे. हे पत्र वाचल्यापासून मी पागेचं ऑफिस आणि कुंपण नंतर बघतो, आधी वैरणीची खोली उघडायला लावतो. कडब्याच्या पेंढीत हात घालायचा. आत ऊब किंवा ओल लागली, कुबट वास आला, तर तिथून निघायचं. विजेच्या तारा कुठून गेल्यात तेही तिथेच बघून घ्यायचं.

वैरणीवर मी एवढा अडतो, कारण घोड्याचं पोटच तसं आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. मोकळ्या रानात ते दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतं. जठरात आम्ल सतत पाझरतं, पोट रिकामं राहिलं की आतून व्रण पडतात. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. बुरशी लागलेलं, आंबलेलं जे काही पोटात गेलं, त्याला मागे वाट नाही. मग पोटशूळ. पोटशुळानं घोडं रात्रीत जातं. म्हणून सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून चंदी देणारी पण मधल्या वेळी गव्हाण रिकामी ठेवणारी पागा मला चालत नाही. 400 किलोच्या घोड्याला दिवसाकाठी सहा ते आठ किलो कोरडी वैरण हवी, थोडी थोडी, रात्रीसुद्धा. त्यावर लसूणघास, मग हरभरा किंवा ओट, तेही कामाच्या मानानं. नवीन पागेत नेल्यावर जुनं खाणं एकदम तोडायचं नाही. आठ-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जायचं. पागामालक हे आपणहून बोलला तर तो जाणता माणूस समजावा.

ठाण साधारण बारा फूट बाय बारा फूट असावं, म्हणजे घोडं आडवं पडून उठू शकतं. पण आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जुलैत जाऊन बघावं. जमिनीला उतार आहे का, लीद-मूत वेळेवर उचललं जातं का, माश्या किती आहेत. ओल्या बिछान्यावर उभं राहिलेल्या घोड्याच्या खुराच्या तळचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, त्याचा घाण वास ठाणाबाहेरही येतो. चावणाऱ्या माश्यांमधून सर्रा हा रोग पसरतो. नालबंद सहा-आठ आठवड्यांनी ठरलेल्या दिवशी येतो की घोडं लंगडल्यावर बोलावतात, हेही विचारावं.

आणखी एक प्रश्न विचारताना लोक संकोचतात, तो विचाराच. नवीन आलेलं घोडं काही दिवस वेगळं बांधता का? रक्ताची तपासणी झाल्याशिवाय आत घेता का? ग्लँडर्ससारखा रोग घोड्यातून माणसालाही होतो, आणि तो सिद्ध झाला की कायद्यानं घोडं मारावं लागतं. माझ्याकडे कागद मागणाऱ्या पागेचा मला राग आला नाही, उलट आधार वाटला.

पैशांचं मी थोडक्यात सांगतो. महिन्याच्या रकमेत वैरण, मोतद्दार, नाल, लस यांतलं काय धरलंय ते लिहून घ्या. तुमचा फोन लागला नाही तर डॉक्टरला बोलावण्याचा हक्क कुणाला, तेही लिहा. आणि घोडं दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, हे ठळक लिहा. हे शेवटचं मी पहिल्या पागेत लिहिलं नव्हतं. वैशाखातल्या एका सोमवारी गेलो तर घोडीच्या छातीमागे तंग घासून कातडी सोललेली, आयाळीत जरीचे तुटके धागे. माझ्या माघारी ती वरातींना जात होती. बँडच्या आवाजात, फटाक्यांत, डांबरी रस्त्यावर. ती मला बघून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो दिवस मी विसरलेलो नाही. तोबऱ्याला पुढे आणि लगामाला मागे असं घोड्याला म्हणतात, पण त्या पागेत घोडीला फक्त लगामच होता.

आता ती आहे ती पागा दिसायला साधी आहे, पत्र्याची. मुंबईच्या महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब 1942 पासून घोड्यांत आहे, तसली परंपरा किंवा मैदान इथे नाही. मी ही जागा पक्की केली ती एका रात्रीमुळे. न सांगता साडेदहाला गेलो होतो. पागेत मोतद्दार खाटेवर पडलेला, घोड्यांपासून दहा पावलांवर. माझी चाहूल लागताच उठून बसला. मी विचारायच्या आधी म्हणाला, "तिसऱ्या ठाणातल्यानं संध्याकाळपासून लीद टाकली नाही, म्हणून जागा आहे." मग उठला, त्या घोड्याच्या कुशीला कान लावून उभा राहिला. बराच वेळ. मलाही खूण केली. मी कान लावला. आत दूरवर गुडगुड चालू होती.

"आतडं चालतंय," तो म्हणाला, "पण डॉक्टरला सांगून ठेवलंय."

पहाटे त्याचा फोन आला, घोड्यानं लीद टाकली होती. दुसऱ्या दिवशी मी घोडी आणली. उतरल्यावर तिनं त्याचा हात हुंगला, बादलीत तोंड घातलं आणि पाणी प्यायला लागली. तो बाजूला उभा राहून तिचे घोट मोजत होता.