विश्लेषण : शेक्सपिअरची नाटके कृष्णाकाठी कशी रुजली?

कुंडल म्हटले की क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, तुफान सेना आणि प्रतिसरकार आठवते. मात्र या परिसराला रंगभूमीचाही मोठा इतिहास आहे. बालगंधर्वांचे नागठाणे कुंडलच्याच पलूस तालुक्यात येते. कृष्णेच्या काठाने वर गेले की कराडजवळ गोपाळ गणेश आगरकरांचे टेंभू लागते. खाली गेले की विष्णुदास भावे यांची सांगली आणि गोविंद बल्लाळ देवलांचे हरिपूर. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधील नाटके मराठीत आणण्यात या पट्ट्याचा वाटा मोठा आहे. ती इथे का रुजली?

प्रबोधनकाळातील इंग्लंड कसे होते?

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला. त्यानंतर पुस्तके वाढत गेली आणि शाळांमधून मुले लॅटिन शिकू लागली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत (१५५८ ते १६०३) लॅटिन, इटालियन, फ्रेंच ग्रंथ इंग्रजीत येऊ लागले. हातमोजे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा असलेला शेक्सपिअर विद्यापीठात गेला नव्हता. त्याने अशाच पुस्तकांतून कथा उचलल्या. ‘ऑथेल्लो’ची मूळ कथा इटालियन लेखक चिंथिओची, तर ‘हॅम्लेट’ची डेन्मार्कमधील. परक्या कथेला आपल्या भाषेचा पोशाख चढवणे ही त्या काळची रीतच होती.

नटांना प्रतिष्ठा होती का?

फारशी नव्हती. १५७२ च्या कायद्यानुसार, बड्या सरदाराचा आश्रय नसलेल्या फिरत्या नटांना भटके ठरवून शिक्षा करता येत असे. म्हणून नाटक मंडळ्या सरदारांचे नाव लावत. लंडनच्या नगरप्रशासनाचा विरोध असल्याने जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर ‘द थिएटर’ हे नाट्यगृह उभारले. त्याचेच लाकूड वापरून १५९९ मध्ये ‘ग्लोब’ उभे राहिले. तिथे एका पेनीत उभे राहून नाटक पाहता येई. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करत. १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली. १६६० नंतर ती पुन्हा उघडली, तेव्हा कुठे स्त्रिया रंगमंचावर आल्या.

सांगलीशी साम्य कोणते?

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले, ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले आणि मंडळींना पोटासाठी गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. राजाश्रय, मग फिरती, मग तिकिटाच्या पैशावर जगणे, स्त्रीपात्रे पुरुषांकडे आणि नटांकडे संशयाने पाहणारा समाज, असे दोन्हीकडचे चित्र बरेच मिळतेजुळते होते. शेक्सपिअरची नाटके ज्या व्यवस्थेसाठी लिहिली गेली, तशीच व्यवस्था त्यांना मराठीत तयार मिळाली.

हॅम्लेट आणि ऑथेल्लो मराठीत कोणी आणले?

महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच ‘ऑथेल्लो’चे भाषांतर केले होते. पुढे कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. तिथे आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. ते १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि डेन्मार्कचा राजपुत्र ‘चंद्रसेन’ झाला. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. डेस्डेमोना ‘कमळजा’ झाली.

ही नाटके गाजवली ती ‘शाहूनगरवासी नाटक मंडळी’ने. शाहूनगर म्हणजे सातारा. गणपतराव जोशी यांचे चंद्रसेन आणि झुंजारराव प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. त्यांच्यासमोर नायिका असत बाळाभाऊ जोग.

केवळ करमणूक होती का?

नाही. ‘झुंजारराव’ आला तेव्हा संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता. पत्नीवर नवऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न घराघरांत पोहोचला होता. स्त्रीशिक्षण आणि विवाहसुधारणेचा आग्रह धरणारे आगरकर ‘सुधारक’मधून या कायद्याची बाजू मांडत होते. अशा वेळी निव्वळ संशयावरून जीव गमावणारी निरपराध कमळजा प्रेक्षकांसमोर उभी राहिली. देवलांनी पुढे १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ हे स्वतंत्र नाटक लिहिले. त्यात म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी थेट आपल्याच समाजातली होती.

तरीही या नायिकांचे दुःख पुरुषच रंगवत होते. मुख्य प्रवाहातील मराठी नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका करण्याला वळण मिळाले ते १९३३ मधील ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने. तोपर्यंत नागठाण्याच्या बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका लोकप्रियतेच्या शिखरावर नेली होती. लंडनच्या रंगमंचावर हा बदल १६६० नंतर झाला; मराठीत त्याला आणखी पावणेतीनशे वर्षे लागली.

आज याचे महत्त्व काय?

शेक्सपिअरने इटलीची कथा इंग्रजी केली, देवलांनी इंग्रजी नाटक मराठी केले. पुढे वि. वा. शिरवाडकरांनी ‘किंग लिअर’चा धागा घेऊन १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. ते आज कुणाला परके वाटत नाही. भाषा श्रीमंत होते ती बाहेरून घेतलेले पचवण्याने. टेंभू आणि हरिपूरच्या या दोन लेखकांनी ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच करून दाखवले होते.